खिशातला कॅमेरा घ्यायचाय, पण कोणता?

प्रश्न : आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. घरामागे हापूसची कलमं आहेत. रोज सकाळी पेरूवर बुलबुल येतात, कधी धनेशाची जोडी वडावर येऊन बसते. फोनने फोटो काढला की पक्ष्याचा नुसता ठिपका दिसतो आणि झूम केलं की फोटो फुटतो. सुटीत नातवंडं येतात, ती एका जागी उभी राहत नाहीत. शिमग्यात पालखी दारी येते तेव्हाचे रात्रीचे फोटो तर सगळे हललेले. आता चौपन्नाव्या वर्षी मला फोटो काढायला नीट शिकायचं आहे. पर्समध्ये मावेल असा कॅमेरा हवा, मोठं धूड नको. पंचवीस हजारांपर्यंत खर्च करू शकेन. ऑनलाइन 48 मेगापिक्सेलचा, 16 एक्स झूमचा कॅमेरा साडेचार हजारांना दिसतो. इथला दुकानदार म्हणतो, मेगापिक्सेल जितके जास्त तितका कॅमेरा चांगला. मुलगा म्हणतो, आई, त्यापेक्षा नवा फोनच घे. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : मुलाचं म्हणणं आधी घेऊ, कारण तिघांत तेच सगळ्यात वजनदार आहे. फोटो ज्याच्यावर उमटतो तो सेन्सर बऱ्याच चांगल्या फोनमध्ये आता स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यातल्या सेन्सरपेक्षा मोठा असतो. शिवाय फोन एका फोटोसाठी एकापाठोपाठ अनेक फोटो टिपतो आणि ते जुळवून एक तयार करतो. त्यामुळे अंगणात उभं राहून काढलेला घरच्यांचा फोटो, देवळाचं आवार, ताटातली मोदकांची रास यांसाठी आठ-दहा हजारांचा नवा कॅमेरा घेतलात, तर निराश व्हाल. तेच फोटो फोनवर जास्त चांगले आलेले दिसतील. फोन जे करतो त्यासाठी कॅमेरा घेऊच नये. फोनला जे जमत नाही, तेवढ्यासाठीच पैसे मोजावेत.

तुमच्या पत्रातला बुलबुल नेमका तिथे बसलाय.

थोडं गणित करू. लालबुड्या बुलबुलाची लांबी साधारण 20 सेंटिमीटर. तो तुमच्यापासून दहा मीटरवर, पेरूच्या शेंड्यावर आहे असं धरा. फोनच्या मुख्य लेन्सचा आवाका 35 मिमी फिल्मच्या हिशेबात 25 मिमीच्या आसपास असतो. म्हणजे दहा मीटरवर तिला सव्वाचौदा-साडेचौदा मीटर रुंदीचं दृश्य दिसतं. त्यात 20 सेंटिमीटरचा पक्षी फोटोच्या रुंदीचा सत्तरावा भाग व्यापतो. हाच तुमचा ठिपका. बोटांनी पडद्यावर झूम केलं की फोन तो ठिपका कापून मोठा करून दाखवतो, नवा तपशील कुठूनच येत नाही, आणि फोटो फुटतो. आता 720 मिमीची लेन्स असलेला कॅमेरा तिथूनच रोखा. दहा मीटरवर तिला अर्धा मीटर रुंदीचं दृश्य दिसतं. बुलबुल त्यातला दोन पंचमांश भाग व्यापतो. डोक्यावरचा तुरा, शेपटीखालचा लाल ठिपका, चोचीतला किडा, सगळं दिसतं. तुम्ही जागचं हलायचं नाही आणि पक्ष्यालाही उडवायचं नाही. हे काम काच करते आणि तिला जागा लागते. लेन्स बाहेर सरकते, आत जाते. बोटाएवढीही जाडी नसलेल्या फोनमध्ये एवढी काच मावत नाही. महागड्या फोनमध्ये वेगळी टेलिफोटो लेन्स असते, पण ते फोन तुमच्या आकड्याच्या फार पुढे आहेत आणि त्यांची काचही 720 मिमीच्या जवळपास येत नाही.

म्हणून झूम पाहताना 'किती एक्स' हे विचारू नका. एक्स म्हणजे सगळ्यात लांबच्या टोकाला सगळ्यात जवळच्या टोकाने भागून आलेला आकडा, बस्स. दुकानदाराला मिलिमीटर विचारा. कॅननच्या लोकप्रिय इक्सस 185 मध्ये झूम 8 एक्स आहे, 28 ते 224 मिमी. कोडॅकच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पिक्सप्रो एफझेड 55 मध्ये 5 एक्स, 28 ते 140 मिमी. (कोडॅकचं नाव आता परवान्यावर दुसरीच कंपनी वापरते, हेही जाता जाता सांगायला हवं.) 140 मिमीच्या लेन्सने तुमचा बुलबुल फोटोच्या रुंदीचा तेरावा भाग व्यापेल. फोनपेक्षा बरा, पण तुमचं समाधान होणार नाही. पक्ष्यांसाठी 600 मिमीच्या खाली पाहू नका.

आता तो साडेचार हजारांचा 48 मेगापिक्सेलवाला. तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट हीच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

ऑनलाइन बाजारात अनोळखी नावांचे असे कॅमेरे ढिगाने मिळतात. चित्रात ते छान दिसतात, वर '4 के', 'ऑटोफोकस', '16 एक्स' असं ठळक लिहिलेलं असतं. तपशील उघडून वाचा. सोळा एक्सच्या पुढे बारीक अक्षरांत 'डिजिटल' हा शब्द सापडेल. याचा अर्थ लेन्स हलतच नाही. तुमच्या फोनवर बोटांनी होतं तेच तिथे बटण दाबून होतं. 48 मेगापिक्सेलचंही तसंच. आतला सेन्सर बहुधा 5, 8 किंवा 13 मेगापिक्सेलचा असतो आणि उरलेले ठिपके शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरलेले असतात. फाइल जड होते, तपशील मात्र वाढत नाही. फ्लॅशच्या जागी छोटा एलईडी दिवा असतो. हा कॅमेरा तुमच्या आत्ताच्या फोनपेक्षा वाईट फोटो काढेल, यात मला तिळमात्र शंका नाही. नातवंडांना खेळायला द्यायचा असेल तर गोष्ट वेगळी. शिकण्यासाठी मुळीच घेऊ नका, आणि त्याखालचे पाच चांदण्यांचे अभिप्रायही मनावर घेऊ नका.

दुकानदाराचा मेगापिक्सेलचा सल्ला पंधरा-वीस वर्षांपूर्वी थोडा तरी उपयोगी होता. 1975 मध्ये कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. तो 0.01 मेगापिक्सेलचा होता, वजनाला साडेतीन किलोंच्या वर होता आणि एक फोटो कॅसेटच्या फितीवर उतरवायला त्याला 23 सेकंद लागत. तिथून सुरुवात झाल्यावर पुढची काही दशकं मेगापिक्सेल वाढणं ही खरीखुरी प्रगती होती. आज नाही. 4 × 6 इंचांची नेहमीची प्रिंट उत्तम यायला सव्वादोन मेगापिक्सेलही लागत नाहीत. ए4 आकाराची प्रिंट पावणेनऊ मेगापिक्सेलमध्ये होते. घरातला 4 के टीव्ही 8.3 मेगापिक्सेलच दाखवू शकतो. दहा-बारा वर्षांपूर्वीचा कोणताही नामांकित कॅमेरा याच्या वरचाच आहे. तेव्हा हा आकडा विचारायचाच नाही.

विचारायचा आकडा सेन्सरच्या आकाराचा. स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये जो सेन्सर असतो त्याला 1/2.3 इंची म्हणतात. प्रत्यक्षात तो साधारण 6.2 × 4.6 मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखाहून लहान असतो. क्षेत्रफळ 28 चौरस मिलिमीटर. वरच्या दर्जाच्या खिशातल्या कॅमेऱ्यांत एक इंची सेन्सर येतो, 13.2 × 8.8 मिलिमीटरचा. त्याचं क्षेत्रफळ 116 चौरस मिलिमीटर, चौपटीच्या वर. यासोबत लेन्सचं तोंड किती उघडतं ते पाहायचं. ते एफ या अक्षरापुढे लिहितात आणि आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उजेड घेते. इक्सस 185 मध्ये तो एफ 3.2 पासून सुरू होतो. सोनीने 2012 मध्ये आणलेल्या पहिल्या आरएक्स 100 मध्ये एफ 1.8 पासून, आणि सेन्सर एक इंची. दोन्हींचा एकत्र हिशेब केला तर झूम न करता, तेवढ्याच वेळात आरएक्स 100 च्या सेन्सरवर सुमारे तेरा पट उजेड पडतो. तेरा पट! कंदिलाच्या उजेडात नातू हसत वळला, तर लहान कॅमेऱ्याला एक अष्टमांश सेकंद लागेल आणि चेहरा फरफटलेला येईल. आरएक्स 100 ला त्याच उजेडात एक शतांश सेकंद पुरेल आणि चेहरा जागच्या जागी थांबलेला दिसेल.

पालखीचे फोटो का हलतात, हेही आता कळेल. भर दुपारी उघड्यावर साधारण एक लाख लक्स उजेड असतो. रात्री अंगणात दिव्याखाली त्याचा हजारावा भागही नसतो. फोन अशा वेळी रात्रीचा मोड लावून सेकंदभर किंवा त्याहून जास्त वेळ उजेड गोळा करतो. समोर देऊळ असेल तर हे छान जमतं. पण पालखी खांद्यावर घेऊन माणसं नाचत असतील, तर त्या सेकंदात ती दोन पावलं पुढे गेलेली असतात.

इथे अडचण अशी, की तुम्हाला हव्या असलेल्या दोन गोष्टी तुमच्या पैशांत एका कॅमेऱ्यात मिळत नाहीत. 720 मिमीपर्यंत पोहोचणारी लेन्स पर्समध्ये मावायची तर सेन्सर लहान ठेवावा लागतो आणि लेन्सचं तोंडही बारीक. मोठा सेन्सर आणि रुंद तोंडाची लेन्स खिशात बसवायची तर झूम आखूड होतो. पहिल्या आरएक्स 100 ची लेन्स 28 ते 100 मिमी आहे, तिने बुलबुल पुन्हा ठिपकाच होईल. हे दोन्ही साधणारे कॅमेरे आहेत, पण ते बरेच महाग आहेत आणि जडही. त्यामुळे निवड तुम्हालाच करायची आहे आणि मेगापिक्सेल, मॉडेल, कंपनी या सगळ्यांच्या आधी करायची आहे.

मी तुमचं पत्र पुन्हा वाचलं. त्यात बुलबुल रोज आहेत, धनेश अधूनमधून, नातवंडं सुटीत, पालखी वर्षातून एकदा. माझं मत स्पष्ट आहे. तुम्ही लांब झूमचा कॅमेरा घ्यावा. ज्यांच्या पत्रात पक्षी नसते, घरातली माणसं आणि संध्याकाळचे कार्यक्रमच असते, त्यांना मी डोळे झाकून जुना आरएक्स 100 घ्या म्हटलं असतं.

लांब झूमच्या खिशातल्या कॅमेऱ्यांत नावं घ्यायची तर सोनी एचएक्स 90 व्ही (2015) आणि त्याचा धाकटा भाऊ एचएक्स 99 (2018), दोन्ही 24 ते 720 मिमी. कॅनन एसएक्स 720 (2016) आणि एसएक्स 740 (2018), दोन्ही 24 ते 960. निकॉन कूलपिक्स ए 900 (2016), 24 ते 840. पॅनासॉनिकच्या टीझेड मालिकेतले 30 एक्सचे. यांतला तुमच्यासाठी माझा कौल सोनी एचएक्स 90 व्हीला. कारण अगदी व्यवहारी आहे. त्याच्या कोपऱ्यातून एक छोटी खिडकी वर येते, व्ह्यूफाइंडर. भर उन्हात मागच्या पडद्यावर काहीच दिसत नाही आणि 720 मिमीला पक्षी शोधताना हात हलला की तो चौकटीबाहेर जातो. डोळ्याला टेकवलेला कॅमेरा स्थिर राहतो. शिवाय खिडकी तुमच्या चष्म्याच्या नंबरप्रमाणे जुळवता येते. चाळिशी लागलेल्या माणसाला याचं मोल दुकानात कळत नाही, पेरूच्या झाडाखाली कळतं.

तुमचा पुढचा प्रश्न मला दिसतोय, नवा घ्यावा की वापरलेला?

नव्याचं दालन आटलेलं आहे. 2010 मध्ये जगभरात बारा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, त्यातले बहुसंख्य खिशातले. 2023 मध्ये हा एकूण आकडा पाऊण कोटीच्या आसपास आला आणि त्यात खिशातले जेमतेम सतरा लाख. फोनने ही बाजारपेठ खाल्ली आणि बहुतेक कंपन्यांनी स्वस्त मॉडेलं काढणंच थांबवलं. त्यात युरोपीय संघाने 2024 च्या डिसेंबरअखेरपासून कॅमेऱ्यांनाही यूएसबी-सी चार्जिंग सक्तीचं केलं, त्यामुळे जुन्या खाचेची काही मॉडेलं तिकडून उठली. उरलेल्या थोड्या नव्या मालाला मागणी भरपूर. गेल्या काही वर्षांत तरुण मुलांना 2005-10 च्या काळातल्या डिजिकॅमच्या रंगांचं वेड लागलंय. ते मला मनापासून आवडतं, पण त्यामुळे जुन्या साध्या कॅमेऱ्यांच्याही किमती चढल्यात. एखादा विक्रेता 'सीसीडी आहे' (म्हणजे जुन्या पद्धतीचा सेन्सर) एवढ्याच कारणाने जास्त पैसे मागू लागला, तर तुम्ही पुढे चला. तुम्हाला त्याची गरज नाही.

म्हणून पंचवीस हजारांत तुमच्यासाठी वापरलेला, नामांकित कंपनीचा कॅमेराच योग्य. भाव दर महिन्याला बदलतात, तेव्हा मी आकडा बांधून देत नाही, पण बॅटरी आणि कार्डासाठी दोन-अडीच हजार बाजूला ठेवूनच कॅमेऱ्याची किंमत ठरवा. मुंबईत कोणी नातेवाईक असेल तर सीएसएमटीजवळच्या बोरा बाजारात चौकशी करायला सांगा. फोटोच्या सामानाची ती जुनी पेठ आहे आणि तिथे वस्तू हातात घेऊन पाहता येते. ओळखीपाळखीत विचारणंही सोडू नका. कितीतरी घरांत असे कॅमेरे एका सहलीनंतर कपाटात पडून आहेत.

वापरलेला कॅमेरा पाहायला जाताना रिकामं केलेलं एक कार्ड आणि टॉर्च न्या असं मी सगळ्यांना सांगतो.  विक्रेत्याला त्याच्याकडची बॅटरी आधीच चार्ज करून ठेवायला सांगा. कॅमेरा सुरू-बंद दहा वेळा करा. लेन्स दर वेळी सरळ, न अडखळता, कुरकुर न करता बाहेर आली पाहिजे. खिशातल्या कॅमेऱ्यांचं मरण बहुतेक वेळा याच नळीत असतं. मग टॉर्च तिरका धरून लेन्समध्ये पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. किंमत कितीही कमी असो, परत द्या, कारण ती पसरत जाते. पूर्ण झूम करून पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आभाळाचा फोटो काढा. त्यात राखाडी डाग दिसले तर आत सेन्सरवर धूळ गेली आहे. या कॅमेऱ्यांत ती आपल्याला पुसता येत नाही. फ्लॅश उडतो का, बॅटरीचं दार नीट बसतं का, बॅटरी फुगलेली नाही ना, खोक्यावरचा आणि कॅमेऱ्याच्या बुडावरचा क्रमांक एकच आहे ना, एवढं पाहिलंत की पुरे.

फार जुन्या मालात एक सापळा आहे. काही कंपन्यांचे जुने कॅमेरे एक्सडी किंवा मेमरी स्टिक जातीची कार्डं घेतात. ती आता सहज मिळत नाहीत. एसडी कार्ड घेणाराच कॅमेरा घ्या. त्यातही 2006 च्या आधीचे बरेचसे 2 जीबीच्या वरचं कार्ड ओळखत नाहीत. वर सांगितलेल्या मॉडेलांना ही अडचण नाही. 32 जीबीचं एक कार्ड तुम्हाला पुरून उरेल, त्यात चार हजारांच्या आसपास फोटो मावतात. एचएक्स 90 व्ही, एचएक्स 99 आणि आरएक्स 100 या तिघांना एकच बॅटरी चालते, एनपी-बीएक्स 1 नावाची, आणि ती अजून नवी मिळते. दोन घ्या. लांब झूम बॅटरी लवकर खातो.

आता शिकण्याबद्दल. तुम्ही 'नीट शिकायचं आहे' असं लिहिलंत, त्याचा मला फार आनंद झाला, म्हणून कॅमेरा हाती आल्यावर काय करायचं तेही सांगतो.

पहिल्याच दिवशी मेनूत जाऊन डिजिटल झूम बंद करा. म्हणजे काच संपली की झूमही थांबेल. मग वरची गोल चकती 'पी' वर ठेवा आणि अधिक-उणे चिन्हाचं बटण शोधा. माझ्या मते नवशिक्यासाठी कॅमेऱ्यावरचं सगळ्यात मोलाचं बटण हेच. कॅमेरा समोरचं जग काळं आहे की पांढरं हे जाणत नाही. समोर काहीही असो, सरासरी मध्यम राखाडी करायची एवढंच त्याला ठाऊक. त्यामुळे काळ्या पाषाणाच्या मूर्तीचा फोटो काढलात की तो तिला उजळवून राखाडी करतो आणि गाभाऱ्यातला गंभीर काळोख जातो. तिथे बटण उण्याकडे एक पायरी न्या. उलट, पांढऱ्याशुभ्र आभाळापुढे फांदीवर बसलेला धनेश नुसती काळी सावली होतो. तिथे अधिककडे एक-दीड पायरी न्या, पिसांतला रंग दिसू लागेल. ही एक गोष्ट हातात बसली की तुमचे फोटो घरातल्या सगळ्यांच्या फोटोंपेक्षा वेगळे दिसू लागतील, आणि पुस्तकातली बाकीची प्रकरणं आपोआप समजू लागतील.

पक्ष्यांसाठी चकती 'एस' वर. इथे शटरचा वेग तुम्ही ठरवता. जुना ठोकताळा असा, की लेन्स जितक्या मिलिमीटरची, सेकंदाचा तितकावा भाग, म्हणजे 720 मिमीला 1/720. कॅमेऱ्यातली हादरा शोषणारी यंत्रणा हाताचा कंप बराच सांभाळते, त्यामुळे फांदीवर निवांत बसलेल्या पक्ष्याला 1/125 वरही पकडता येतं. पण बुलबुल कधी निवांत बसतो? मान सारखी हलते. 1/500 ठेवा. पूर्ण झूमला लेन्सचं तोंड एफ 6.4 इतकं बारीक होतं, उजेड कमी मिळतो, म्हणून ऊन झाडावर चढेपर्यंत थांबा. पहाटेच्या धूसर उजेडात या कॅमेऱ्याकडून अपेक्षा ठेवू नका. आयएसओ (सेन्सरची उजेडाला असलेली संवेदनशीलता) 800 च्या वर जाऊ देऊ नका, त्यापुढे पिसांच्या जागी दाणेच दिसतात. पक्षी पिल्लांना भरवत असतील, घरट्यात अंडी असतील, तर लांबूनच काढा. लांब लेन्स घ्यायची ती त्यासाठीच.

नातवंडांसाठी आणि पालखीसाठी या कॅमेऱ्यात एक चांगली गोष्ट आहे, त्याचा फ्लॅश. फोनचा एलईडी नुसता मिणमिणता दिवा असतो. कॅमेऱ्याचा झेनॉन फ्लॅश क्षणभरच, साधारण एक सहस्रांश सेकंद किंवा त्याहून कमी वेळ उजळतो आणि तेवढ्यात नाचणारा माणूस जागीच थिजतो. मेनूत 'स्लो सिंक' निवडा. मग पुढची माणसं फ्लॅशने स्पष्ट येतात आणि शटर थोडं जास्त वेळ उघडं राहिल्याने मागचे दिवे, गर्दी, होळीचा उजेडही फोटोत उतरतो. झूम अजिबात करायचा नाही, तीन-चार मीटरच्या आत जायचं. त्यापलीकडे हा फ्लॅश फारसा पुरत नाही. पालखीचे सगळेच फोटो जमणार नाहीत, पण पाच तरी असे येतील की गावात लोक मागून नेतील.

कोकणात राहता म्हणून शेवटी हवेचं सांगतो. बुरशी दमट हवेत आणि अंधारात फोफावते, आणि पावसाळ्यात तुमच्या कपाटात दोन्ही असतं. कॅमेऱ्याचं चामडी किंवा कापडी आवरण ओल धरून ठेवतं, त्यात कॅमेरा महिनोन्‌महिने ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. रंग बदलणारी जेल मिळते, रंग बदलला की ती तापवून पुन्हा कोरडी करता येते. तांदळात ठेवायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका. तांदळाची भुकटी लेन्सच्या नळीत जाते. समुद्रावर वारा असेल तेव्हा झूम करू नका. वाळूचा एक कण नळीत अडकला की मोटर अडते आणि दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीच्या जवळ जातो. खारं पाणी उडालं तर घरी येताच किंचित ओल्या, मग कोरड्या मऊ कापडाने पुसा. आणि आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून वापरा. वापरातल्या लेन्सला बुरशी क्वचितच धरते.

तेव्हा मुलाला सांगा, फोन आहे तोच राहू दे. दुकानदाराचे मेगापिक्सेल आणि ते साडेचार हजारांचं खोकं, दोन्ही सोडून द्या. वापरलेला एचएक्स 90 व्ही शोधा, तो नाही मिळाला तर यादीतला दुसरा कोणताही लांब झूमचा कॅमेरा चालेल. आणि विकणारा कोणीही असो, हातात देऊन दहा-वीस फोटो काढू देत नसेल, तर तो कॅमेरा घेऊ नका.